बाबांच्या खोलीला कुठला रंग? मोतिया, ग्रे की पिस्ता (भिंतीवर तीन पट्टे मारून बसलेय)

मनीषा_ठाणे
नमस्कार मंडळी. गणपती झाले, पाहुणे गेले, आता दिवाळीच्या आत बाबांची खोली रंगवून घ्यायचीय. बाबा म्हणजे माझे वडील, वय ७४, आई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. खोली तशी लहान, १० बाय ११, उंची साडेनऊ फूट, चार मजली बिल्डिंगमधे तिसऱ्या मजल्यावर. खिडकी एकच, उत्तरेला, आणि समोर तीसेक फुटांवर शेजारच्या सोसायटीची भिंत आहे जिला त्यांनी गेल्या वर्षी भडक नारिंगी रंग दिलाय, काय सुचलं देव जाणे. आत्ता आमच्या खोलीत लिंबाच्या सरबतासारखा पिवळा डिस्टेंपर आहे, हात फिरवला की बोटाला लागतो. लादी क्रीम, पलंग आणि कपाट सागवानी पॉलिशचं, पडदे अजून ठरले नाहीत.

दुकानातून शेडकार्ड आणलं तर त्यात नुसते पांढरेच इतके की मोजायचा कंटाळा आला. शेवटी तीन काढले. शेडची नावं सगळी भलतीच इंग्लिश आहेत म्हणून माझ्या शब्दात सांगते. एक मोतिया, म्हणजे पांढराच पण किंचित सायीकडे झुकणारा. दुसरा फिकट ग्रे, विझलेल्या उदबत्तीच्या राखेचा. तिसरा पिस्ता, आईस्क्रीमपेक्षा दोन पायऱ्या फिका. २०० मिलीच्या सॅम्पल डब्या आणल्या आणि खिडकीच्या शेजारच्या भिंतीवर वीत वीत रुंदीचे तीन पट्टे मारले एकमेकांना चिकटून.

आता घोळ असा की दुकानात जो ग्रे एकदम शांत, भारी वाटला तो भिंतीवर निळा दिसतोय, नीळ जास्त झालेल्या शाळेच्या शर्टासारखा. मोतिया सकाळी बरा असतो आणि रात्री ट्यूब लावली की आजारी दिसतो. पिस्ता बघून नवरा म्हणाला सिव्हिल हॉस्पिटल. आणि ज्यांची खोली आहे ते बाबा परवा म्हणाले ग्रे निळा आहे, काल म्हणाले अगं हा तर मळकट पिवळा, आणि मोतियाला म्हणतात चहा सांडल्यासारखा. मला वाटलं मुद्दाम करतायत, त्यांना मुळात रंगच नकोय, "आहे तो काय वाईट आहे" हेच चाललंय पंधरा दिवस. नवऱ्याचं म्हणणं पलंगामागची एक भिंत गडद निळी कर, बाकी पांढऱ्या, विषय संपव.

तुम्ही सांगा तिघांपैकी कुठला? का चौथाच बघू?

सातारी_तात्या
चुना मारा चुना. दोन दिवसात काम, वासही छान येतो.
गंमत सोडा पण आमच्या वाड्यात दर दिवाळीला चुना व्हायचा आणि त्यात आज्जी आठवणीने नीळ टाकायला लावायची, कारण नुसता चुना वाळला की पिवळट दिसतो आणि चिमूटभर निळीने तोच डोळ्याला पांढराशुभ्र वाटतो. खाली साडेतीन फूट ऑइलपेंटचा पट्टा, चॉकलेटी, कारण आम्ही पोरं भिंतीला टेकून बसायचो आणि डोक्याच्या तेलाचे गोल डाग पडायचे. असला पट्टा एसटी स्टँडवर, शाळेत, दवाखान्यात सगळीकडे असायचा, त्यामुळे पिस्त्याचं जावईबापू म्हणतात ते खरंय, वर पिस्ता खाली गडद हिरवा म्हणजे थेट इंजेक्शनची आठवण.

रोलरवाला
ताई मी २२ वर्षं हेच काम करतोय, कोल्हापूरला सुरुवात केली आता ठाणे-कल्याण पट्ट्यात आहे. रंग कुठला ते नंतर बोलू. आधी सांगा पट्टे कशावर मारले? जुन्या डिस्टेंपरवरच ना? मग ते पट्टे तुम्ही बघूच नका, त्याचा काही उपयोग नाही. तो डिस्टेंपर बोटाला लागतोय म्हणजे त्याची पावडर झालीय, वरचा रंग त्यात शोषला जातो, एका हातात खालचा पिवळा वर डोकावतो. आणि ओला असताना इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग, फिका दिसतो, वाळल्यावर अर्धी शेड गडद होतो, गिऱ्हाईक नेमका ओला बघून हो म्हणतं आणि दुसऱ्या दिवशी फोन करतं की भाऊ तुम्ही दुसराच डबा मारला.

असं करा, स्टेशनरीच्या दुकानातून तीन जाड पांढरे कार्डशीट आणा, फुल साइझ. कडेला दोन बोटं पांढरी पट्टी सोडून दोन दोन हात मारा, मधे चार तास सोडा. वाळल्यावर मागे टेप लावून आज या भिंतीवर उद्या त्या भिंतीवर फिरवा. खिडकीची भिंत सगळ्यात वाईट, तिच्यावर उजेड पडतच नाही, तो समोरच्या भिंतीवर पडतो, आणि तुम्ही बघताना डोळ्यावर खिडकीचा झोत असतो. कोपऱ्यात पण लावून बघा. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींवर रंग टाकतात त्यामुळे कार्डावरचा रंग खोलीत कायम जास्त चढलेला दिसतो, म्हणून मी सगळ्यांना सांगतो आवडला त्याच्यापेक्षा एक घर फिका घ्या.

आणि तो डिस्टेंपर खरवडून काढावाच लागेल हे मनाची तयारी करून ठेवा. त्याच्यावरच इमल्शन मारून देतो असं कोणी म्हटलं तर त्याला चहा पाजून घरी पाठवा, वर्षभरात पापुद्रे निघतील.

अनघा_नाशिक
मी शाळेत चित्रकला शिकवते, इंटरमिजिएटच्या मुलांकडून दरवर्षी हाच प्रयोग करून घेते. एकाच करड्या कागदाचे दोन तुकडे, एक पिवळ्या कागदावर चिकटवायचा एक निळ्यावर. पिवळ्यावरचा निळसर दिसतो, निळ्यावरचा पिवळट. मुलं शपथेवर सांगतात की बाई दोन वेगळे कागद आहेत. तुमचा ग्रे लिंबू रंगाच्या मधोमध बसलाय तर तो निळा दिसणारच, त्याची चूक नाही. जुनी गोष्ट आहे ही, पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात गालिचे-पडदे विणायचे तिथे तक्रार यायची की काळा धागा फिका निघतोय, तिथल्या रंगाई खात्याचा प्रमुख शेव्रल, मूळ रसायनवाला, त्याने तपासलं तर काळ्या रंगात काही खोट नव्हतीच, शेजारच्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. १८३९ मधे त्याने हे सगळं छापलं. रोलरवाले दादा कडेला पांढरी पट्टी सोडा म्हणतात ते याचसाठी.

आता उजेडाचं. उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही, नुसता आभाळाचा उजेड येतो आणि तो निळसर असतो. म्हणून चित्रकारांना स्टुडिओला उत्तरेची खिडकी हवी असते, दिवसभर फारसा बदलत नाही. पण खोलीसाठी तोच थंड पडतो, ग्रे आणखी निळा होतो, पांढराशुभ्र तर दवाखान्यासारखा होतो. ठाण्यात मे मध्यापासून जुलै अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो तेवढाच काय तो अपवाद, आणि त्यातला अर्धा वेळ ढगात जातो.

पण मला खरी गंमत तुमच्या शेजारच्या नारिंगी भिंतीची वाटते. ती भिंत तुमच्याकडे तोंड करून आहे म्हणजे तिचं तोंड दक्षिणेला. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेला उतरला की दुपारभर ऊन सरळ तिच्यावर पडणार आणि तिथून नारिंगी उजेड तुमच्या खोलीत येणार, ११ ते ३ बहुतेक. मधे तीस फूट जागा आहे आणि तुम्ही तिसऱ्यावर आहात म्हणजे तुमच्या बिल्डिंगची सावली तेवढी वर पोचणार नाही. गेल्या वर्षीच रंगवलीय म्हणताय, तर गेल्या हिवाळ्यात दुपारी खोली गुलाबीसर वाटायची का आठवून बघा. म्हणजे याच खोलीत पावसाळ्यात निळा उजेड आणि थंडीत नारिंगी. पिस्ता त्या उजेडात मातकट होईल, हिरव्यावर नारिंगी पडलं की तेच होतं. पिस्ता मी तरी बाद करेन.

आणि ट्यूब कुठली आहे? खोक्यावर बघा, ६५०० के लिहिलं असेल, म्हणजे निळसर पांढरा उजेड, तर मोतियाचा आजार तोच.

मनीषा_ठाणे
बापरे, गुलाबी बरोबर!! गेल्या डिसेंबरमधे बाबांना मी विचारलं होतं की ताप आलाय का, चेहरा लाल दिसतोय. थर्मामीटर लावला होता हो त्यांना.
ट्यूब बघितली, २० वॅटची एलईडी, ६५०० के.
कार्डशीट आणते उद्या.

अवि_डॅलस
इथे अमेरिकेत सॅम्पल रंगवलेले स्टिकर मिळतात, सोलून भिंतीला लावायचे, काढायचे, त्यामुळे हा प्रकार सोपा पडतो. पण आम्ही गडद निळी भिंत करून बसलोय म्हणून नवऱ्यांच्या आयडियावर दोन शब्द. शेडच्या माहितीत एलआरव्ही म्हणून आकडा असतो, रंग किती उजेड परत फेकतो त्याचा. चांगल्या पांढऱ्याचा ८५ च्या पुढे, आमच्या निळ्याचा ७. म्हणजे ती भिंत उजेड पिऊन टाकते. मोठ्या हॉलमधे ठीक, १० बाय ११ मधे एकच खिडकी आणि तीही उत्तरेची असताना दुपारी दिवा लावावा लागेल. शिवाय गडद मॅटवर खुर्चीची पाठ घासली की पांढरे ओरखडे उठतात, ते पुसायला गेलं की तिथे चकाकी येते. चार कोट लागले आम्हाला आणि बायको अजून काढते तो विषय.

डोळस
मनीषाताई, रंगाबद्दल मला कळत नाही पण मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासणारा, आहे आणि तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य सोडवेना. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का? आणि एकाच डोळ्याचं?

मनीषा_ठाणे
हो!! उजव्याचं, जूनमधे. डावा डॉक्टर म्हणाले सहा महिन्यांनी बघू. तुम्हाला कसं कळलं?

डोळस
तेच वाटलं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं, पुढे तपकिरी होत जातं आणि ते निळा उजेड अडवतं. पण हे इतकं सावकाश होतं की माणसाला पत्ता लागत नाही, मेंदू सांभाळून घेतो. ऑपरेशनमधे ते भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवतात आणि मग त्या डोळ्याला एकदम निळं, पांढरं लख्ख दिसायला लागतं. दुसरा डोळा अजून जुन्या पिवळ्या काचेतूनच बघतोय. बऱ्याच पेशंटना महिनोन्महिने हा फरक जाणवतो, कोणी बोलून दाखवत नाही इतकंच. चित्रकार मोनेचं असंच झालं होतं, १९२३ मधे उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर निळं फार दिसतं म्हणून तो वैतागला होता.

बाबांना तुमच्या कार्डशीटसमोर बसवा आणि एकेक डोळा तळहाताने झाकून विचारा. दाबायचा नाही, नुसता झाकायचा. ते मुद्दाम करत नसावेत बहुतेक.

आणि रंग निवडताना अजून दोन गोष्टी. एक, चकाकणारा फिनिश नको, मॅट किंवा अगदी कमी शीनचा घ्या, या वयात भिंतीवरची चमक डोळ्यात जाते. दोन, सगळंच पांढरं करू नका. पांढरी भिंत, पांढरा स्विचबोर्ड, पांढरा दरवाजा असं झालं की रात्री उठल्यावर त्यांना बटण सापडत नाही, चौकट कुठे संपते ते कळत नाही. बाथरूमकडे जायच्या वाटेवर हे फार महत्त्वाचं. चौकट गडद ठेवा, स्विचबोर्ड तपकिरी मिळतो तो लावा किंवा पांढऱ्या बोर्डाभोवती रंगाची चौकोनी पट्टी मारून घ्या.

सातारी_तात्या
हे भारी आहे राव. मोतिया रंग मोतीबिंदूमुळे बाद होतोय, आणि इथे पोरगी बापाला खोटं ठरवत होती.

मनीषा_ठाणे
तात्या, लागलं ते.

तर अपडेट. रविवारी कार्डशीट रंगवले, सोमवारपासून फिरवतेय. मंगळवारी बाबांना खुर्चीत बसवलं आणि डोळे झाकायला सांगितले. डावा झाकला, म्हणाले ग्रे निळा आहे, स्वच्छ निळा. उजवा झाकला, थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले आता तो आपल्या जुन्या घरातल्या भिंतीसारखा आहे. परत डावा, परत उजवा, दहा-बारा वेळा केलं त्यांनी, मग खिडकीशी जाऊन समोरची नारिंगी भिंत तशीच बघितली, आपलं धोतर बघितलं, माझा चेहरा बघितला. मला म्हणाले, "अगं मला वाटलं हल्ली धोतरं तू वेगळ्या पावडरने धुतेस. सकाळी पांढरं दिसतं, संध्याकाळी मळकं." तीन महिने मनात ठेवून बसले होते, कारण धुणं मी करते आणि मला वाईट वाटेल.

दुसरं, मी ट्यूब बदलली, ४००० के ची, कमी निळसर उजेडाची आणली. त्या उजेडात मोतियाचा आजारीपणा गेला बऱ्यापैकी. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री साडेसात असे तीन वेळा फोटो काढले पण फोटोत सगळं वेगळंच येतं, मोबाईल आपल्या मनाने रंग सुधारतो, म्हणून ते सोडून वहीत लिहून ठेवलं. वहीत ग्रेच्या पुढे तिन्ही वेळा "निळा" लिहिलंय, पांढऱ्या पट्टीच्या मधे असून सुद्धा, फक्त पिवळ्या भिंतीवर दिसायचा तेवढा नाही. पिस्ता सकाळी मला अजूनही आवडतो पण रात्री नाही, आणि बाबा रात्रीच जास्त जागे असतात.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांना कमी-जास्त पसंत पडला तो मोतियाच, पण मी आणला होता त्याच्यापेक्षा एक घर फिका. डाव्याने अजून चहा दिसतो म्हणतात, पण दूध जास्त घातलेला. डावा डोळा झाला की बरा दिसेल ना?

डोळस
हो, डाव्याचंही झालं की दोन्ही डोळ्यांना जवळपास सारखा दिसेल, तुम्हाला दिसतो त्याच्या आसपास. म्हणून थोडा फिका घेतलात ते बरोबरच आहे, गडद घेतला असता तर नंतर तेच म्हणाले असते की हा काय रंग दिलास.

अनघा_नाशिक
थंडीत दुपारी त्यावर नारिंगी छटा येईल पण मोतियावर ती खपून जाते, पिकल्या पेरूसारखा दिसेल. पडदा मात्र नुसता पांढरा जाळीचा लावू नका, किंचित जाड घ्या म्हणजे दुपारी तो उजेड गाळता येईल.

मनीषा_ठाणे
चौकट चॉकलेटी ऑइलपेंटची करतेय, स्विचबोर्ड तपकिरी सांगितलाय. तात्यांचा चॉकलेटी पट्टा आला बघा मागच्या दाराने.
रोलरवाले दादा, आता मापाचं सांगा. ४ लिटरचा डबा पुरेल का? आणि पितृपक्षात काम धरू का, सासूबाई नाही म्हणतायत.

रोलरवाला
सासूबाईंचा मान ठेवा पण खरं सांगू, पितृपक्षात आमची माणसं रिकामी असतात, दसऱ्यानंतर एका रंगाऱ्यामागे दहा घरं लागतात आणि मग तो सकाळी तुमच्याकडे ब्रश ठेवून दुपारी दुसरीकडे जातो. मधला मार्ग सांगतो, खरवडकाम आणि पुट्टी आत्ता करून घ्या, ती काय शुभ-अशुभ नाही, रंगाचा हात घटस्थापनेला मारा. तेवढ्यात भिंतही वाळेल. पाऊस आत्ता कुठे संपतोय, ओल आहे का ते बघायला हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा, एक दिवस ठेवा. आतून घाम आला तर थांबायचं, खिडकीखालचा भाग नक्की तपासा.

माप असं, चारी भिंतींचा घेर ४२ फूट गुणिले साडेनऊ म्हणजे ३९९, दार खिडकी वजा करून साधारण साडेतीनशे चौरस फूट. नवीन पुट्टी, त्यावर प्रायमर, मग दोन हात मारले तर लिटरला ११०-१२० चौरस फूट धरा. तीन-सव्वातीन लिटर जाईल, ४ चा डबा घ्या. सिलिंगला वेगळा पांढरा, त्यात हा मारू नका. सगळा रंग एकदमच मशीनवर मिक्स करून घ्या, नंतर पाव लिटर आणायला गेलात की किंचित फरक येतो आणि तो नेमका खिडकीच्या उजेडात दिसतो.

चौकटीवरचा जुना ऑइलपेंट कधीचा आहे? बिल्डिंग जुनी असेल तर कोरडा घासू देऊ नका, पाणी लावून वॉटरपेपरने घासायला सांगा. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखात ९० भाग) वर नको हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, त्याच्या आधीच्या ऑइलपेंटमधे काय काय असेल सांगता येत नाही. घासकाम चालू असेल ते दोन दिवस बाबांना हॉलमधे झोपवा.

मनीषा_ठाणे
बिल्डिंग ९४ ची आहे, म्हणजे पाणी लावूनच. प्लास्टिक आज रात्री चिकटवते.

रोलरवाला
उरलेला रंग काचेच्या बरणीत काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा आणि वर शेड नंबर, बेस (ज्या मूळ डब्यात मशीनने रंग मिसळला तो), तारीख लिहा. डब्यावरचं लेबल दोन वर्षात उडून जातं. बाबांचं धोतर भिंतीला घासून जिथे काळं पडेल तिथे लहान रोलरनेच टचअप करा, ब्रशने करू नका, ठिगळ दिसतं.